रुंद तोंडाचा घडा: वर्गातील पक्षपाताविषयी तीन पत्रे

या महिन्याच्या टपालात एकाच विषयावरची तीन पत्रे आली. एक आईचे, एक शिक्षिकेचे आणि एक विद्यार्थिनीचे. तिघींचा एकमेकींशी काही संबंध नाही, तरी त्या एकाच वर्गाविषयी बोलत आहेत असे वाचताना वाटत राहते. म्हणून या वेळचे सदर त्या तीन पत्रांनाच दिले आहे. नावे आणि गावे अर्थातच गाळली आहेत.

प्रश्न: स. न. वि. वि. माझा मुलगा एका अनुदानित मराठी शाळेत सातवीत शिकतो. सहावीपर्यंत तो शाळेतून आला की दप्तर ठेवण्याआधीच बोलायला सुरुवात करायचा. या वर्षी त्याच्या वर्गात शाळेतल्याच एका शिक्षिकेची मुलगी आहे. परिपाठात बातम्या तिनेच वाचायच्या, पाहुणे आले की गुलाबाचे फूल तिनेच द्यायचे, स्पर्धेलाही तिलाच पाठवायचे, असे चालले आहे. जुलैमध्ये वक्तृत्व स्पर्धेसाठी माझ्या मुलाची निवड झाली होती. भाषण त्याने पाठ केले होते, गणवेशाला इस्त्रीही करून ठेवली होती. आदल्या दिवशी बाईंनी 'तू पुढच्या वर्षी जा' असे सांगितले आणि त्या मुलीला पाठवले. तेव्हापासून तो वर्गात हात वर करत नाही. विचारले तर म्हणतो, "आई, बाई माझ्याकडे बघून पुढे जातात." यजमानांचे म्हणणे असे, की तक्रार केली तर बाई मनात ठेवतील आणि त्रास मुलालाच होईल. गप्प बसावे का?

उत्तर: ताई, तुमच्या यजमानांची भीती खोटी आहे असे चौतीस वर्षे शाळेत काढल्यानंतर मी म्हणू शकत नाही. तक्रार करणाऱ्या पालकाच्या मुलाला कोणी छडी मारत नाही. पण 'याच्या घरचे जरा तसे आहेत, जपून' असे शिक्षकखोलीत एकदा बोलले गेले, की त्या मुलाशी होणारे बोलणेच आटते, आणि तुमच्या मुलाच्या वाट्याला ते आधीच कमी येते आहे. तरीही गप्प बसावे असा सल्ला मी देणार नाही. बाईंकडे जाऊन नेमके काय मागायचे, हे मात्र घरून निघण्यापूर्वी ठरवायला हवे.

द्रोणाचार्यांच्या पक्षपाताचा विषय निघाला की आपल्याला एकलव्याचा अंगठा आठवतो. आदिपर्वात त्यांचीच आणखी एक छोटी गोष्ट आहे, ती फारशी सांगितली जात नाही. आचार्य सगळ्या शिष्यांना पाणी आणायला पाठवत, तेव्हा इतरांना अरुंद तोंडाचे कमंडलू देत आणि स्वतःच्या मुलाला, अश्वत्थाम्याला, रुंद तोंडाचा घडा देत. त्याचा घडा चटकन भरे, तो लवकर परते, आणि बाकीचे नदीवर खोळंबलेले असताना आचार्य त्याला जास्तीची विद्या शिकवत. यात कोणालाही शिक्षा झालेली नाही, कोणाचा अपमान झालेला नाही, पाणी तर सगळेच आणत होते. फरक होता तो फक्त वेळेचा. आजच्या वर्गातला पक्षपातही बहुतेक वेळा याच जातीचा असतो. म्हणूनच तो सिद्ध करणे अवघड जाते, आणि म्हणूनच मुलांना तो आधी कळतो. (ही युक्ती अर्जुनाच्या लक्षात आली होती. त्याने वारुणास्त्राने आपला कमंडलू भरायला सुरुवात केली. सातवीतल्या मुलाकडे तसले अस्त्र नसते.)

तेव्हा पहिले काम घरचे. 'बाईंना तू का आवडत नाहीस?' असा प्रश्न मुलाला चुकूनही विचारू नका. कारण त्याचे उत्तर शोधताना मूल स्वतःतच खोट काढत बसते. 'आज बाईंनी कोणाला काय विचारले, तू काय सांगितले असतेस?' एवढेच विचारा आणि पंधरा दिवस त्याच्या बोलण्यातले प्रसंग तारखेसह एका वहीत टिपून ठेवा. ही वही कोणाला दाखवायची नाही, ती तुमच्यासाठी आहे. पंधरा दिवसांनी वाचल्यावर कदाचित असे दिसेल की बाई सगळ्यांनाच घाईने ओलांडून जातात आणि जुलैचा तो एक घाव मुलाला अजून ठसठसतो आहे. किंवा त्याचे म्हणणे शब्दशः खरे आहे, असेही दिसेल. दोन्ही शक्यता मोकळ्या ठेवून बाईंना भेटा.

भेट पालकसभेच्या दिवशी, दहा पालक रांगेत उभे असताना घेऊ नका. वेळ मागून घ्या. त्या दुसऱ्या मुलीचे नाव आपल्या तोंडून एकदाही निघू देऊ नका, कारण ते निघाले की संभाषण तुमच्या मुलावरून उठून सहकारी शिक्षिकेच्या मुलीवर जाऊन बसते आणि बाईंना तिची बाजू घेण्यावाचून गत्यंतर राहत नाही. 'जुलैपासून तो वर्गात बोलायचा थांबला आहे, मला काळजी वाटते, पुढच्या महिन्यात एकदा परिपाठात त्याला बातम्या वाचायला द्याल का?' असे नेमके, छोटे आणि तारीख असलेले मागणे मागा. बहुतेक शिक्षक याला नाही म्हणत नाहीत. वक्तृत्वाचे मात्र स्पष्ट विचारा. निवड बदलण्याचा बाईंना अधिकार आहे, पण भाषण पाठ करून बसलेल्या मुलाला कारण सांगणे हे त्यांचे काम आहे आणि ते राहून गेले आहे.

गुणांविषयी तुम्ही काही लिहिलेले नाही, तरी त्यावर लक्ष असू द्या. आपल्याकडच्या मूल्यमापन पद्धतीत सातवीला आकारिक (वर्षभर वर्गात चालणाऱ्या) मूल्यमापनाचा भार ४० आणि संकलित (सत्राअखेरच्या) मूल्यमापनाचा ६० असतो. आकारिकात चाचणीच्या जोडीला तोंडीकाम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय, दैनंदिन निरीक्षण अशी साधने येतात, आणि त्यांतली बरीच शिक्षकाच्या नजरेवर अवलंबून असतात. हात वर न करणाऱ्या मुलाचे तोंडीकाम कशावरून जोखले, हा प्रश्न पालकाने शांतपणे विचारावा. त्याला उत्तर असायला हवे.

एवढे करून महिन्या-दीड महिन्यात काहीच हलले नाही तर मुख्याध्यापकांकडे लेखी जा. तुमची शाळा अनुदानित असल्याने तिथे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे, आणि तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत. याच कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली आहे, आणि कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, जिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा अशी तरतूद आहे. हे सर्व माहीत असावे म्हणून सांगितले. परिपाठातल्या बातम्यांसाठी कलम ३२ पर्यंत जाऊ नका. मात्र वर्गातली मर्जी त्याच शिक्षकांच्या खासगी शिकवणीशी बांधलेली असेल तर गोष्ट वेगळी. कलम २८ प्रमाणे शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. तिथे गोड बोलण्यात वेळ दवडण्याचे कारण नाही.

प्रश्न: मी माध्यमिक शाळेत नववी-दहावीला मराठी शिकवते. वर्गात अठ्ठावन्न मुले आहेत. गेल्या पालकसभेत एक वडील सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, तुम्ही पहिल्या दोन बाकांनाच शिकवता." मी त्या रात्री झोपले नाही. खरे सांगायचे तर वर्गात एक मुलगी आहे, कविता शिकवताना तिच्या डोळ्यांतले कळलेपण पाहूनच मला पुढचे सुचते. तिच्यावर माझा जीव आहे. पण मी कोणावर अन्याय केला आहे असे मला वाटत नाही. एखादे मूल अधिक आवडणे हा गुन्हा आहे का?

उत्तर: बाई, मुळीच नाही. मलाही आवडती मुले होती आणि त्यांतल्या काहींची नावे मी आजही झोपेत सांगू शकेन. आवडणे आपल्या हाती नसते, पण पस्तीस मिनिटांचा तास आपल्याच हाती असतो. त्या वडिलांनी तुमच्या जिव्हाळ्याबद्दल तक्रार केलेली नाही. त्यांनी बाक मोजले आहेत. तुम्हीही मोजून पाहा.

मी ते कसे केले ते सांगते, कारण त्यातून माझी चांगलीच फजिती झाली होती. आमच्या शाळेत बी.एड.चे छात्राध्यापक सराव पाठांसाठी येत. एकदा त्यांच्यातल्या एका मुलीला मी शेवटच्या बाकावर बसवले, तिच्या हाती वर्गाचा बैठक-आराखडा दिला आणि सांगितले, की मी ज्याला प्रश्न विचारीन त्याच्या चौकोनात एक टिंब दे, मी पुन्हा संधी दिली तर दुसरे टिंब दे. तास संपल्यावर तिने कागद माझ्या हातात ठेवला तो जरा घाबरतच. खिडकीकडची पहिली तीन बाके शाईने भरून गेली होती. दाराकडच्या रांगेत एकच टिंब होते, आणि तेही 'बाहेर काय बघतोस?' या प्रश्नाचे. त्या दिवशीपर्यंत कोणी विचारले असते तर मी सगळ्यांना सारखे विचारते, असे मी शपथेवर सांगितले असते. आणि ती शपथ खोटी आहे, हे मला कळलेही नसते.

या विषयावरच्या अभ्यासांपैकी सर्वांत गाजलेला अभ्यास रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांचा. कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत मुलांची बुद्धिमापन चाचणी घेऊन शिक्षकांना सांगण्यात आले, की अमुक मुले या वर्षी झपाट्याने पुढे जाणार आहेत. ही सुमारे वीस टक्के मुले प्रत्यक्षात चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडलेली होती. वर्षअखेरीस पहिली-दुसरीतल्या अशा मुलांच्या बुद्ध्यांकात इतरांपेक्षा लक्षणीय वाढ दिसली. वरच्या इयत्तांत तसे काही दिसले नाही. १९६८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर चाचणीच्या विश्वासार्हतेवर कडक टीका झाली, आणि पुढच्या संशोधकांनी हेही दाखवले, की शिक्षकांचे अंदाज बऱ्याच अंशी मुलाच्या आधीच्या कामगिरीवरच बेतलेले असतात आणि अपेक्षेचा परिणाम सरासरीने लहान असतो. व्याख्यानांत 'शिक्षक समजेल तसे मूल घडते' असे जे ठोकून दिले जाते, तेवढे त्यातून सिद्ध होत नाही. पण सरासरीने लहान असलेला हा परिणाम सगळ्या मुलांवर सारखा पडत नाही. ज्या मुलांच्या समाजाबद्दल 'यांना अभ्यास कुठला जमायला' हा समज आधीच रुजलेला असतो, त्यांच्या बाबतीत तो मोठा असू शकतो, आणि आपल्याकडे हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. साताऱ्याच्या शाळेत लहानग्या भीमरावांना घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. तो गोणपाट वर्गातून गेला आणि आज बाक सर्वांना एकच आहे. पण दाराकडच्या रांगेत कोणत्या वस्तीची मुले बसतात, हे आपला बैठक-आराखडा हातात घेऊन एकदा अवश्य पाहा.

अपेक्षा मुलापर्यंत पोहोचते कशी, हे मला शिक्षक म्हणून अधिक उपयोगी वाटते. १९७० च्या सुमारास ब्रोफी आणि गुड या अभ्यासकांनी पहिलीच्या वर्गांत बसून निरीक्षण केले. आवडीच्या किंवा हुशार समजल्या गेलेल्या मुलाचे उत्तर चुकले तर शिक्षक प्रश्न बदलून विचारतात, धागा देतात. दुसऱ्याचे चुकले तर उत्तर स्वतः सांगून टाकतात किंवा 'तू सांग गं' म्हणून पुढे जातात. त्याच दशकात मेरी बड रो यांनी प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक किती थांबतात ते मोजले. ते सर्वसाधारणपणे एकच सेकंद भरले. थांबणे तीन सेकंदांवर नेले, तेव्हा मुलांची उत्तरे लांबली, न बोलणारी मुले बोलू लागली आणि 'येत नाही' हे उत्तर कमी झाले. तीन सेकंद म्हणजे खडू खाली ठेवून हात झटकण्याचा वेळ. पण दाराकडच्या रांगेतल्या मुलासमोर तेवढे थांबून पाहा, ते युगासारखे वाटतात, कारण सबंध वर्ग त्या मुलीच्या वर आलेल्या हाताकडे पाहत असतो, आणि आपणही.

करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. हजेरी क्रमांकाच्या चिठ्ठ्या एका डब्यात ठेवा आणि निदान अर्धे प्रश्न त्या डब्यातून विचारा. त्या मुलीला हे आधीच विश्वासाने सांगा, नाहीतर तिला वाटेल की तिच्या हातून काही चुकले. घरी बसून, हजेरीपट न पाहता, वर्गातली नावे आठवतील त्या क्रमाने लिहून काढा. पहिली दहा नावे कोणती आली याने तुम्ही दचकणार नाही. शेवटची सात जी आठवतच नाहीत, त्यांच्यासाठी हा उद्योग आहे. मराठीच्या शिक्षिकेसाठी सर्वांत अवघड जागा म्हणजे निबंध. वळणदार अक्षर आणि ओळखीचे नाव दिसले की आपण पहिले वाक्य वाचण्याआधीच मनात सात गुण देऊन मोकळे होतो. नावाचा कोपरा दुमडून ठेवा, सगळ्यांचा निबंध एका बैठकीत आणि रसग्रहण दुसऱ्या बैठकीत तपासा, आणि दुसऱ्या वेळी गठ्ठा उलटा करून घ्या.

दहावीच्या तोंडी परीक्षेचे २० गुण तर तुमच्याच हाती असतात. या गुणांचे वजन किती, याची एक झलक राज्याने पाहिली आहे. २०१९ च्या दहावीला भाषांचे हे अंतर्गत गुण बंद होते, त्या वर्षीचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला, आणि पुढच्या वर्षी ते गुण परत आले. अभ्यासक्रमही नवा होता, त्यामुळे सारी घसरण याच कारणाने झाली असे मी म्हणणार नाही. एरवी आपण हे गुण सर्वांना सढळ हाताने वाटतो, अठरा काय नि एकोणीस काय. पण त्यातही कोणाला अठरा आणि कोणाला बारा याचा हिशेब ज्याच्यापाशी असतो, त्याने तो कागदावर ठेवावा, आणि मूल विचारेल तेव्हा दाखवता येईल असा ठेवावा.

आणि त्या वडिलांना एक फोन करा. ते सर्वांसमोर बोलले याचा राग येणे स्वाभाविक आहे, पण बहुधा त्यांचे मूल कोणत्या बाकावर बसते हे तुम्हाला चटकन आठवत नसेल. फोन करण्याआधी ते पाहून घ्या.

प्रश्न: मी नववीत आहे. आमच्या विज्ञानाच्या बाई मला खूप मानतात. वह्या गोळा करणे, प्रयोगशाळेची चावी आणणे, ऑफ तासाला गोंधळ करणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणे, सगळे मलाच सांगतात. आता वर्गात मला 'बाईंची चमची' म्हणतात. मधल्या सुट्टीत माझ्या मैत्रिणी डबा घेऊन दुसरीकडे जातात. परवा माझे एक उत्तर चुकले होते तरी बाईंनी पूर्ण गुण दिले. सगळ्यांनी पाहिले. मी काय करू? बाईंना सांगितले तर त्यांना वाईट वाटेल का?

उत्तर: बाळ, तुझे पत्र मी सर्वांत शेवटी छापले असले तरी सर्वांत आधी वाचले होते. लाडक्या मुलाचेही नुकसान होते ही गोष्ट आम्हा मोठ्यांच्या लक्षात उशिरा येते. रुंद तोंडाचा घडा तू मागितला नव्हतास, तो तुझ्या हातात दिला गेला, आणि तुझ्या मैत्रिणींचा राग बाईंवर असला तरी त्यांना बाईंवर रागावता येत नाही म्हणून तो तुझ्यावर निघतो आहे.

तीन कामांपैकी एकच आधी सोड, ते फळ्यावर नावे लिहिण्याचे. वह्या गोळा करणे ही मदत आहे. मैत्रिणींची नावे बाईंना पुरवणे ही पाळत आहे, आणि ती चौदा वर्षांच्या मुलीवर टाकणे बरोबर नाही, असे मी एक निवृत्त मुख्याध्यापिका म्हणून म्हणते. तास सुटल्यावर, कोणी जवळ नसताना बाईंना म्हण, "बाई, मला नावे लिहायला जड जाते. ते काम पाळीपाळीने दिले तर बरे होईल." कारण विचारले तर खरे सांग, कोण काय म्हणते ते मात्र सांगू नकोस.

चुकलेल्या उत्तराचे असे कर. तो पेपर घेऊन बाईंकडे जा आणि 'हे माझे चुकले आहे ना?' एवढेच विचार. गुण कमी होतील. ते वर्गात मिरवून सांगू नकोस, मैत्रिणींना ते आपोआप कळते. डब्याचे म्हणशील तर सगळ्या घोळक्याला मनवायला जाऊ नकोस. त्यांच्यातली जी एकटी भेटली की अजूनही तुझ्याशी नीट बोलते, तिच्याजवळ जाऊन बस.

बाईंना वाईट वाटेल का? थोडे वाटेल. दोन दिवस त्या कदाचित तुला चावी आणायला सांगणार नाहीत आणि तुला चुकल्या-चुकल्यासारखे होईल. तिसऱ्या दिवशी चावी दुसरीच मुलगी आणायला जाईल. तिला प्रयोगशाळेचे कुलूप कसे उघडते ते माहीत नसेल, ते तू दाखव.